दोनच टर्म

शारजा, शुक्रवार, मार्च २००९

अजून डोकं ठिकाणावर नाही. इथल्या मराठी मंडळाच्या घटनेत अध्यक्ष-उपाध्यक्षाला दोनच टर्म आहेत. माझ्या झाल्या. पण मंदीत निम्मे मेंबर नोकरी जाऊन इंडियाला परतले, म्हणून आज मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाला, "काका, ते कलम खलास करू. तुम्हीच राहा अध्यक्ष." भराभर हात वर. विरोधात कोण, विचारलं तर एकच हात. हिरव्या बांगड्यांचा. आमच्या हिचा. मला वाटलं, चहा मागतेय.

गाडीत विचारलं, "डोकं फिरलंय का तुझं?"

"जुने अध्यक्ष खुर्ची सोडेनात, तेव्हा हे कलम तुम्हीच आणलंत ना? उद्या व्हिसा गेला तर खुर्ची विमानात घालून नेणार?"

घराकडचं रोल्ला चौकाचं वळण चुकलो मी. एवढ्या लोकांत घरचाच हात?

घरी येऊन फाइल काढली. कलम हिच्याच अक्षरात आहे. मी सातवी शिकलेला, मी सांगत होतो, ही लिहीत होती. मी नुसता त्या जुन्या अध्यक्षाला हटवायला बोललो होतो. हिनं ते खरं धरलं.

उद्या सेक्रेटरीला नाही म्हणून कळवायचं. पत्र हिलाच लिहायला सांगावं लागणार.