चौदा छतांचे तेच चार फोटो

१२ मे, सोमवार

फाइल परत आली! मिसेस कुबेनांच्या नव्या छताचा वादळ-विम्याचा दाखला नाकारला. तपासणीच्या इंजिनिअरचा फोन — "बाई, त्यांचं छत तपकिरी. तुम्ही पाठवलेल्या फोटोत काळं आहे." चुकून दुसऱ्या फाइलचे गेले असतील म्हटलं.

छतावर वरची डांबरी पट्टी बसली की खालचे खिळे झाकले जातात. म्हणून काम चालू असतानाच फोटो काढायचे, पट्टीला सहा खिळे दाखवायचे. वादळी किनारा आमचा, सहाच्या खाली चालत नाही. छतं घालतो माझा भाऊ रॉइस, फोटोही तोच देतो, खाली पत्ता मी टाइप करते. नऊ वर्षं!

१३ मे

जुन्या फाइली काढल्या. तेच चार फोटो, तोच एक वाकडा खिळा. चौदा घरं!! बाकी सगळी छतं काळी, म्हणून आजवर खपलं. मी बघत काय होते?

रॉइसच्या घरी गेले, तो जेवत होता. मान वर केली नाही. "उन्हात शिडीवर कॅमेरा कोण नाचवणार, डेल्फा? खिळे सगळीकडे सारखेच दिसतात."

"पण मारलेत ना सहा?"

"सख्ख्या भावावर विश्वास नाही तुझा?"

हे उत्तर नव्हे, हे घरी येताना गाडीत लक्षात आलं.

१४ मे

मिसेस कुबेना ऑफिसात आल्या, जर्दाळू भरलेले गोड पाव, कोलाचे, घेऊन. वय एक्क्याऐंशी. "दाखला आला का गं पोरी? एक जूनच्या आत नाही दिला तर वादळाचा विमा बंद म्हणतात. मागच्या खेपेला माझं छत शेजाऱ्याच्या गाईंत जाऊन पडलं होतं!" स्वतःच हसल्या. मी म्हटलं, येईल उद्या-परवा. तोंडावर खोटं बोलले.

१५ मे

रॉइसशी कडाक्याचं भांडण. मिसेस कुबेनांचं छत उघडून दाखव म्हटलं.

१७ मे, शनिवार

उघडलं. रॉइस वर, मी शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर. पहिली पट्टी — चार खिळे. दुसरी — चार. तिसरीला तीन! शिडी घट्ट धरली.

"सहा मारत बसलो तर एका दिवसात छत होत नाही," म्हणाला. जणू आज ऊन आहे म्हणतोय!

खाली मिसेस कुबेना सरबताचे ग्लास घेऊन उभ्या. "ठीक आहे ना गं सगळं?"

नाही म्हटलं. ठीक नाही.

१९ मे

इंजिनिअरला चौदाही पत्ते सांगितले. टाइप मी केलं, हेही सांगितलं. मिसेस कुबेनांचं छत बुधवारपासून दुसरा माणूस नव्याने घालणार आहे, दाखला वेळेत मिळेल असं वाटतं. बाकी तेरा घरांचं काय? फोन ठेवताना इंजिनिअरने विचारलं, "मग फोटोतलं छत आहे तरी कुणाचं?" मला माहीत नव्हतं.

२० मे

सकाळी रॉइस दारात, टोपी हातात. मी तेवढंच विचारलं.

"तुझं," म्हणाला. "तेवढ्या एकाच छतावर मी सहा-सहा मारले."

मी त्याला आत ये म्हटलं नाही.