कठड्यापाशी अडवलेली बाई

दि. ९ सप्टेंबर

ती. ताईस,
सलाम वि. वि.

पत्र पोचले. गुडघे दुखत असताना तीन जिने चढतेस हे वाचून राग आला, पण तुझ्यावर रागावून कधी कुणाचे भले झाले आहे? इकडे सर्व ठीक. दुकानात चर्चची चाळीस प्रार्थनापुस्तके बांधायला आली आहेत. हात मात्र चालत नाही. परवा सोळा पानांची एक जुडी उलटी शिवली, तीस वर्षांत पहिल्यांदा. बायको म्हणाली, चष्मा बदला. दोष चष्म्याचा नाही.

गेल्या रविवारी एक प्रकार घडला. चूक म्हणता येणार नाही, तरी सांगतो. जगभर आपल्या चर्चचे जे धर्मप्रांत आहेत, त्यांतल्या एकासाठी दर रविवारी सगळीकडे प्रार्थना होते. आमच्याकडे ते नाव आणि तिथल्या बिशपांचे नाव मी वाचतो. सातवीत शाळा सुटली, पण उच्चार चुकू देत नाही. शनिवारी शब्दकोश घेऊन बसतो. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारस घ्यायला एकेका बाकाला उठवून वेदीपुढच्या कठड्यापाशी पाठवण्याचे कामही माझेच. कठडा बारा फूट, माणसे आठ. नववे मावत नाही.

त्या रविवारी मी नाव वाचले आणि शेवटच्या बाकावरून एक अनोळखी बाई मोठ्याने काहीतरी ओरडली. मग रडू लागली. सगळे चर्च वळून बघायला लागले, माझे वाक्य तुटले. पुढे प्रभुभोजनाला ती बाकाची पाळी नसताना उठून आली. भाकर घ्यायला आम्ही धरतो तसे तळवे एकावर एक न धरता हात छातीशी दुमडलेले. मी हात आडवा धरला. हे मंडळीतल्या लोकांसाठी आहे, असे हळूच सांगितले. तिला भाषा कळेना. तिने घडी घातलेला कागद पुढे केला. मदतीचा अर्ज असणार म्हणून मी तो पुस्तकात खोचला आणि तिला बाक दाखवला. ती बाकाकडे गेलीच नाही, दाराबाहेर गेली.

नंतर कागद पाळकांना दिला. मी तो वाचला का, एवढेच त्यांनी विचारले. नाही म्हणालो. तेव्हापासून ते माझ्याशी हवापाण्याचेच बोलतात. माझे काय चुकले, तूच सांग.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
भाऊ


दि. २१ सप्टेंबर

चि. भाऊस,
अ. उ. आ.

तू लहानपणापासूनच सवाई पाळक. बाहुलीच्या लग्नातही मला नियम वाचून दाखवायचास. तेव्हा हसू यायचे. या वेळी नाही आले.

एक गोष्ट तुला कधी लिहिली नाही. इथे आले त्या वर्षी इथल्या भाषेचा गंध नव्हता. तरी रविवारी चर्चला जायचे, कारण कधी उठायचे, कधी गुडघे टेकायचे ते सगळे आपल्यासारखेच. पुस्तक बंद ठेवले तरी कळायचे की आता पापकबुली, आता शांतीचे अभिवादन. एका रविवारी इथल्या वाचकाने आपल्या धर्मप्रांताचे नाव घेतले. उच्चाराची अशी वाट लावली की तू तिथेच त्याचा कान धरला असतास. पण ते नाव आपले होते, भाऊ. मी भर चर्चमध्ये हंबरडा फोडला. दोनशे परके लोक माझ्या गावासाठी आमेन म्हणाले. शेजारच्या म्हातारीने दंडाला धरून मला पहिल्या रांगेत नेले, पाळी नसताना.

म्हणून विचारते, तू त्या दिवशी वाचलेस ते नाव कुठले होते? आणि ती बाई कुठली? पाळकांकडून कागद माग आणि वाच. मग त्यांच्यामागे लपू नकोस, स्वतः तिच्याकडे जा.

आशीर्वाद आहेतच, कान मात्र माझ्या हातात आहे असे समज.
तुझी,
ताई


दि. ८ ऑक्टोबर

ती. ताईस,
सलाम वि. वि.

कागद वाचला. वरचा मजकूर तिच्या भाषेत, खालची सहा वाक्ये आपल्या. उघडला असता तर मला वाचता आला असता. लिहिले होते, ही आमच्या मंडळीतली बाप्तिस्मा व दृढीकरण झालेली बहीण आहे, कामासाठी दूर येत आहे, हिला प्रभुभोजनाच्या मेजावर आपले समजावे. खाली त्यांच्या बिशपांची सही. तेच नाव, जे त्या रविवारी मी एकही अक्षर न चुकवता वाचले होते. त्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि पाऊण तासात त्यांच्याच माणसाला हाकलले.

ती इस्पितळाच्या धुलाईघरात आहे. गेलो. वाफेने भरलेली खोली, ती आणि एक जोडीदारीण चादरीची चार टोके धरून घड्या घालत होत्या. तिच्या भाषेतले माफीचे वाक्य मी पाठ केले होते. ते तोंडातून निघालेच नाही. आपल्याच भाषेत बोललो, जोडीदारणीने ते तिला तिच्या भाषेत सांगितले. त्यावर ती घाईघाईने काय म्हणाली माहीत आहे? तिनेच माझी माफी मागितली. मध्येच ओरडली म्हणून. कागद वाचून होईपर्यंत परक्याने बाहेर थांबायचे, असा आमचा नियम असेल असे तिला वाटले. तीन रविवार ती फाटकाबाहेर उभी राहून उपासना ऐकत होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पाळकांना म्हणालो, दोन्ही कामे काढून घ्या. ते म्हणाले, वाचन काढून घेतो, कठड्याचे काम सोडता येणार नाही. ज्याने अडवले त्यानेच पाठवायचे.

काल ती आली. पाळी आल्यावर उठली, माझ्यापाशी आली आणि थांबली. मी बाजूला सरकलो. ती थांबूनच. परवानगीची वाट बघत होती, ताई. सगळी मंडळी बघत होती आणि मी कोण परवानगी देणारा? शेवटी आठ जणांच्या रांगेत शेवटी जाऊन मीच नववा म्हणून गुडघे टेकले, तेव्हा ती माझ्या शेजारी टेकली. दहा जण झालो. खांद्याला खांदे घासले, पण मावलो. पाळक प्याला घेऊन आले तेव्हा मला मान वर करता आली नाही.

या पत्रानंतर लोभ मागायला तोंड नाही. तू आपणहून धाडलास तर घेईन.
तुझा,
भाऊ