आधी कुशीवर वळायचं

आई, परवा सकाळी तुझ्या नातीचं सिझेरियन आहे. ठरवून करायचं, घाईगर्दीचं नाही. बाळ पायाळू आहे, डोकं वर आणि पाय खाली, आणि आता वळायचं काही त्याच्या मनात दिसत नाही. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावून तारीख दिली, आम्ही घेतली. तू असतीस तर म्हणाली असतीस, पायाळू ना, मग शेजारपाजारच्यांच्या उसणीची सोय झाली. आपल्या जुन्या घराशेजारचे काका कंबर धरली की गल्लीतल्या पायाळू मुलीकडून पाठीवर लाथ मारून घ्यायला जायचे आणि वर तिच्या हातावर पेढा ठेवून यायचे, ते मला अजून दिसतं. पोट उघडून काढलेलं मूल पायाळू धरायचं की नाही, हे मात्र इथं कुणालाच सांगता येत नाही. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, लाथ बसली की कळेलच."

पहिलं बाळंतपण माहेरी, हा तुझा कायदा. पण तुझी सून जाऊन आता काही वर्षं झाली, आणि माहेर म्हणजे बडोद्यात सुभानपुऱ्यातला हा दोन खोल्यांचा फ्लॅट आणि त्यात मी. विहीणबाई इथंच, पलीकडे हरणीला राहतात. गुजराती, मनानं चांगल्या, आवाजानं त्याहून मोठ्या. त्यांचा फोन आला, "वेवाई, तमारे त्यां बैरुं माणस नथी, सुवावड कोण करशे?" बाईमाणूस नसलेल्या घरात बाळंतिणीचं कोण करणार, असा रोकडा प्रश्न. मी म्हटलं, "हुं करीश." त्यांनी मला तेच दोनदा म्हणायला लावलं. मग त्यांनी त्यांच्या भटजी महाराजांकडून मुहूर्त काढून आणला तो नेमका दुपारी जेवणाच्या वेळेचा. डॉक्टरीणबाई हसल्या, म्हणाल्या, "माझा मुहूर्त म्हणजे भूल देणारे डॉक्टर मोकळे असतील तो." विहीणबाई थोड्या हिरमुसल्या, पण ऐकलं त्यांनी.

खरी अडचण मुहूर्ताची नव्हती, पोरीची होती. ती इथं आली ती रिकामी बॅग घेऊन. दवाखान्यात न्यायची बॅग. तिचा नवरा रोज फोनवर विचारतो भरली का, आणि ती रोज हो म्हणते. बॅग आपली दाराशी तोंड वासून पडलेली. योगासनांच्या वर्गाला जाऊन आली होती, श्वास कसा घ्यायचा ते मला शिकवून झालं होतं, आणि आता तो सगळा श्वास वाया गेल्यासारखं तोंड करून गॅलरीत बसायची. सोसायटीतली जी बाई भेटेल ती विचारणार, "नॉर्मल थशे ने?", नॉर्मलच होईल ना? एक दिवस मी चहा ठेवला तर म्हणाली, "बाबा, सगळ्यांना जमतं ने, मलाच कसं नाही जमलं?" मी बाप माणूस, आणि तेही कारखान्यात आयुष्य काढलेला. मशीन बिघडलं तर मला कळतं काय करायचं ते. इथं काही बिघडलेलं नव्हतं आणि तरी ती रडत होती. मी चहात साखर दोनदा घातली.

मग तिनं विचारलं, "आईचं पण सिझरच झालं होतं ने? तेव्हा आजी काय म्हणाली?"

आई, तू काय म्हणालीस ते मला चांगलं आठवतं. दवाखान्याचा व्हरांडा आहे, मे महिना, बडोद्याचं ते भाजून काढणारं ऊन. मी खांबाला टेकून उभा आहे. आत तुझ्या सुनेला नुकतंच खोलीत आणलंय, दार अर्धं उघडं. नर्सनं सांगितलं, मुलगी, दोघी छान आहेत. तू हातातल्या पिशवीचे बंद आवळलेस आणि म्हणालीस, "आमच्या घरात आजवर कुणाचं पोट फाडायची वेळ आली नव्हती." तिनं आतून ऐकलं. मी तुझ्याकडे बघत राहिलो, तू पिशवीकडे. आणि बारशाला आलेल्या बायकांना तू बिनदिक्कत सांगत सुटलीस, नॉर्मलच झाली म्हणून. तुझी सून पुढं किती वर्षं हसत सांगायची की मी बडोद्यातली एकटी, जिच्या नॉर्मल बाळंतपणाला टाके पडले. पण तेव्हा ती हसली नव्हती. मला तुझा फार राग आला होता.

आणि त्याच महिन्यात तू जे केलंस ते कुठल्या खात्यात टाकू, ते मला अजून कळलेलं नाही. शेगडी, धुरी, खिडक्या बंद, कानाला फडकं, असला सगळा सरंजाम तू मांडला होतास. डॉक्टर घरी येऊन चिडले, म्हणाले, धूर नको, पोटाला मालीश तर अजिबात नको, खिडकी उघडा. तू तिथल्या तिथं शेगडी उचललीस. तोवर मी माझी हुशारी दाखवून मोकळा झालो होतो. तिला उठताना त्रास होतो म्हणून गोरव्याच्या कारखान्यात सुट्टीत बसून पाइपाची एक कमान केली, साखळीला त्रिकोणी मूठ, पलंगावर बसवली. मूठ धरायची आणि उठायचं. तिनं धरली, पोटावर जोर आला, आणि कळ अशी गेली की तिचा चेहराच पांढरा पडला. तू आलीस, कमानीकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस. "कारखाना कारखान्यात ठेव. ती काय नळी आहे वर खेचायला?" दुसऱ्या दिवशी कमानीला बाळाची झोळी टांगलेली. झोळीसाठी ती अगदी मापात होती, हे मात्र तू कबूल केलंस.

मग तू ट्रंकेतलं तुझं मऊ झालेलं लुगडं काढून त्याची एक बुटकी उशी शिवलीस, आत सावरीचा कापूस. नर्सनं तिला सांगितलं होतं, खोकला आला, शिंक आली, हसू आलं की पोटावर उशी दाबून धर, टाक्यांना आधार मिळतो. घरातल्या उशा तुला दगड वाटल्या. ती उशी तू तिच्या हातात दिलीस, दिलीस म्हणजे पलंगावर टाकलीस, आणि म्हणालीस, "धर. आणि आधी कुशीवर वळायचं, मग पाय खाली, मग हातावर जोर. पोटाला काही कळता कामा नये." महिनाभर ती उठली की स्वयंपाकघरातून तुझी हाक यायची, आधी कुशीवर. लसूण सोलता सोलता. तुला भिंतीतून दिसायचं की काय कोण जाणे.

ते सगळं मला परवा उपयोगी पडलं. पोरीला म्हटलं, चल, तालीम करू. दिवाणावर मी आडवा झालो, माझं पोट तसंही आता आठव्या महिन्यातलं आहे. गुडघे वाकवले, कुशीवर वळलो, पाय खाली सोडले, कोपरावर जोर देऊन उठलो. खोटा खोकला काढून तुझी तीच उशी दाबून दाखवली. ती इतकी हसली की तिलाच उशी लागली. मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं सगळं आम्ही पुन्हा घोकलं. पोट रिकामं कधीपासून ठेवायचं आणि पाणी कुठवर प्यायचं ते दवाखाना सांगेल तसं, माझ्या किंवा विहीणबाईंच्या मनानं नाही. नखांचं रंगकाम उतरवायचं, बांगड्या घरी. पाठीत इंजेक्शन देताना पाठ मांजरीसारखी वाकवायची आणि खांदे सैल सोडायचे. कमरेखाली बधिर, पण ती जागी असणार. पडद्याच्या अलीकडे तिचा नवरा तिच्या उशाशी बसेल. पलीकडे कुणी पिशवीत हात घालून काही शोधतंय अशी ओढाताण कळते, दुखत नाही, आणि दुखलंच तर तिथल्या तिथं तोंड उघडून सांगायचं, सोसत पडायचं नाही. नंतर कापरं भरतं, दात वाजतात, ते बहुतेकींना होतं, तरी शेजारी असेल त्याला सांगायचं. बाळ बरं असेल तर लगेच छातीशी मागायचं. दुखण्याची गोळी दुखणं चढायच्या आधी, वेळेवर. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठवून चालवतील, तेव्हा रागवायचं नाही, चालायचं. घरी आल्यावर बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, ते माझ्याकडे.

"आणि बाबा, ताप आला, टाके लाल झाले किंवा पाणी सुटलं, अंगावरून खूप गेलं, पोटरी सुजली तर?" तिनं माझीच परीक्षा घेतली.

मी म्हटलं, "तर तुझ्या सासूला नाही, मला नाही, आधी डॉक्टरला फोन."

"बरोबर," म्हणाली. "पास."

पण बॅग अजून रिकामीच होती, आणि आजीचं उत्तर मी अजून दिलेलं नव्हतं. ती विसरली नव्हती. उशी मांडीवर घेऊन, तिचा दोरा चिमटीत धरून तिनं परत विचारलं, "सांगा ने, आजी काय म्हणाली?" आई, मी तिच्याकडे पाहिलं. हिला तो व्हरांडा आता द्यायचा? मी म्हणालो, "आजी म्हणाली, पोर कुठल्या वाटेनं आली ते कोण विचारतंय? ती पोचली, तिची आई पोचली. झालं तर." एवढं बोलून मी गॅसकडे वळलो, कारण मला खोटं बोलताना चेहरा सांभाळता येत नाही, ते तुला माहीत आहे.

ती उठली, दाराशी गेली आणि बॅग भरायला बसली. सैल गाऊन, पोटाच्या वरपर्यंत येणारे कपडे, बाळाची टोपडी, पायात सहज सरकवता येतील अशा चपला, सगळ्यात वर तुझी उशी. पिंजाऱ्याकडून कापूस नवा भरून आणलाय, अभ्रा तुझाच आहे. संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला, त्यांनी हळूच विचारलं की बाळ वळलं का. हिनं तुझं वाक्य गुजरातीत करून त्यांना ऐकवलं. मी कान देऊन होतो. विहीणबाई म्हणाल्या, "तारां दादी बहु समजु हतां." फार समजूतदार होतीस म्हणे तू. आता त्या परवा सकाळी डिंकाचे लाडू घेऊन येणार आहेत, आणि डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच द्यायचे, असं स्वतःच म्हणाल्या. तुझी हरणीत फारच पत वाढली आहे, आई.

घर तयार आहे. खिमट कसं करायचं ते आठवून करून पाहिलं, पहिलं खाली लागलं, दुसरं बरं झालं. पंखा चालू राहील, खिडकी उघडी राहील, आणि स्वयंपाकघरातून हाक मारायचं काम माझं. मला भीती वाटत नाही असं नाही, पण आनंद त्याहून जास्त वाटतोय, आणि हे सांगायला घरात तुमच्या दोघींपैकी एकही नाही, म्हणून हे लिहितोय. पाठवायचं कुठं, ते मला ठाऊक नाही.

एकच काम कर. तुझी सून तिथं तुझ्याजवळच असेल, तिनं खरं काय ते ऐकलंय. तिला सांग, पुढंमागं पोर कधी विचारत आली तर तुम्ही दोघींनी मान हलवायची. आणि आई, मी ते वाक्य परवा गॅसजवळ उभं राहून जुळवलं असं तुला वाटेल. तसं नाही. त्या दिवशी व्हरांड्यात, खांबाला टेकून, मी तेच ऐकायला थांबलो होतो.