दिल्लीची वेळ, साजगावचा भोंगा

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावणं शोभत नाही, असं लोक म्हणतात. मला शोभतं.

साजगावच्या कारखान्यात तुम्ही टाइमकीपर होता. सकाळी साडेसहाचा भोंगा वाजवायचा, फाटक लावायचं आणि बाहेर राहिलेल्याच्या नावापुढे रेघ मारायची, हे तुमचं काम. तीन रेघा झाल्या की माणूस घरी. दादा त्याच कारखान्यात लागला आणि त्याची तिसरी रेघही तुम्हीच मारलीत. तो फाटकाबाहेरून ओरडत होता, "बाबा, अजून साडेसहा झाले नाय! रेडिओवर सहाचे ठोके ऐकून निघालोय, वाट ती केवढीशी!" तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "घड्याळ खोटं बोलत नाय. लबाड तू हायस." दादा घरी आला, कपडे पिशवीत कोंबले आणि कुंभिवलीच्या नाक्यावरून मिळेल त्या ट्रकमध्ये बसून गेला. आई कितीतरी दिवस त्याचं ताट वाढत होती. त्या ताटाशेजारी बसून तुम्ही पोटभर जेवत होता.

त्याचा ट्रान्झिस्टर मागे राहिला. रात्री तो उशाशी घेऊन मी शॉर्टवेव्हचा काटा फिरवत पडायची. तिथं एकदा टिकटिक सापडली. गाणं नाही, माणसाचा आवाज नाही. नुसते ठोके, आणि दर पाव तासाने ते थांबून तारऑफिसातल्यासारखं कडकट्ट. युद्धाचे दिवस होते, खिडक्यांना काळे कागद लावलेले. शेजारच्या काकी म्हणाल्या, "हेरांचं हाय गं ते, पोलीस येतील." तुम्हीही दरडावलंत. मी फक्त आवाज कमी केला.

दिवसाही ती टिकटिक चालूच असायची. एका दुपारी काकींच्या रेडिओवर बातम्यांआधीचे ठोके पडले आणि नेमकं तेव्हाच माझ्या हातातल्या रेडिओवर कडकट्ट झालं. मी तशीच उठून खोपोलीच्या तारऑफिसात गेले. तिथले तारबाबू कान लावून ऐकत राहिले आणि हसले. "हेर कसले? दिल्लीहून सरकार वेळ देतंय, पोरी. जहाजंसुद्धा यावर घड्याळं लावतात."

दुसऱ्या दिवसापासून मी तुमच्या भोंग्यावर कान ठेवला. सकाळचा भोंगा दिल्लीच्या बराच आधी वाजायचा आणि संध्याकाळचा सुटीचा बराच नंतर. बिघडलेलं घड्याळ सकाळी पुढे आणि संध्याकाळी मागे जात नाही, बाबा. त्याला कोणाचा तरी हात लागतो.

मग ती सकाळ. मी फाटकापाशी उभी. तुम्ही भोंगा वाजवलात, फाटक ओढायला घेतलंत. धावत आलेले सातआठ जण बाहेरच राहिले. मी ट्रान्झिस्टर मोठा केला आणि म्हणाले, "थांबा बाबा, साडेसहा व्हायचेत."

"घरी जा."

"जाते. वाजू देत आधी."

एका बाईने विचारलं, "काय हाय गं ते?" मी सांगितलं, ही दिल्लीची वेळ, कडकट्ट झालं की साडेसहा. मग कोणीच हललं नाही. आतलेही फाटकाशी जमले. टिकटिक चालली होती आणि तुमच्या कपाळावरून घाम ओघळत होता. किती वेळ गेला! शेवटी कडकट्ट झालं, आणि मागून कोणीतरी हसलं. मग सगळेच. मीसुद्धा.

हे मालकाच्या सांगण्यावरून चाललं होतं, हे सगळ्यांना कळत होतं. मालकाने मात्र लबाडी तुमच्या एकट्याच्या माथी मारून तुम्हाला काढून टाकलं. तुम्ही त्याचं नाव घेतलं नाहीत. कोणी विचारायला आलं की आत निघून जायचा. पुढची सगळी वर्षं तुम्ही ओटीवर बसून काढलीत आणि मी रोज तुमच्या ताटाजवळ तोच ट्रान्झिस्टर लावून ठेवायची. "बंद कर गं," तुम्ही म्हणायचा. पहिल्यांदा रागाने, नंतर हात जोडून. मी भात वाढायची. आवाज तेवढाच ठेवायची.

तुम्ही गेलात तेव्हा दादा आला. तुमच्या पायांवर डोकं ठेवून रडला. मी त्याला फाटकावरची सकाळ पहिल्यापासून सांगितली. वाटलं, सुखावेल. तो म्हणाला, "मी बाबांना कधीच माफ केलं होतं गं. तू कशाला एवढं मनाला लावून घेतलंस?"

हे पत्र कुठे पाठवायचं नाही म्हणून लिहिते. तुमच्यावरचा राग मी पुरता वसूल केला. दादावरचा मात्र अजून तसाच आहे.