आधी फेरी, मग बटण

४ मार्च, बुधवार

तीर्थरूप मामांना,

भाचीचा नमस्कार, मामींनाही सांगा. तुमची तब्येत बरी असेल आणि चष्मा जागेवर सापडत असेल, असं धरून चालते.

पाकिटावरचं अक्षर बघून चकित झाला असाल. तेरा वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम पत्र. फोन करता आला असता, पण तुम्ही पलीकडून "बोल गं घाईबाई" म्हणाला असतात आणि माझ्या तोंडून पुढे शब्द फुटला नसता. म्हणून कागद.

आधी बातम्या. लेक बारावीला आहे. माझ्याहून वीतभर उंच झालीय. माझ्याशी दिवसाला दहा शब्द बोलते, त्यातले आठ 'हो गं' असतात. दहावीच्या निकालाला तुम्ही तिला पाठवलेलं कार्ड तिने टेबलाच्या काचेखाली जपून ठेवलंय. "आजोबांचं अक्षर असं वाकडं का?" असं तिने तेव्हा विचारलं होतं. मी म्हटलं, घाईत लिहिलं असेल. तुम्ही आणि घाई!

दुसरी बातमी रुग्णालयाची. आपली थोरली, तुम्ही नाव ठेवलेला तो मोठा जनरेटर, अजून ठणठणीत आहे. धूर कमी, आवाज तोच. पण तिचा कंट्रोलर बदलतोय. नव्याला चांगला पाटीएवढा पडदा आहे. तेलाचा दाब, पाण्याचं तापमान, बॅटरी, सगळं एका नजरेत. चहा तेवढा विचारत नाही. त्याच्यासमोर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मी हात मागे बांधले होते, एखाद्या मोठ्या माणसासमोर उभं राहावं तसे.

जनरेटरच्या खोलीची जबाबदारी आता माझ्याकडे आहे. हाताखाली दोन ऑपरेटर आहेत. नवा माणूस आला की मी त्याला पहिले आठ दिवस बटणाला हात लावू देत नाही. खोलीत शिरलं की हात खिशात घालून थोरलीच्या सेटभोवती पूर्ण एक फेरी मारायची, मोठ्याने विचारायचं, "आत कुणी आहे का?" आणि मगच पॅनेलकडे यायचं. दुरुस्ती काढली तर कंट्रोलर ऑफवर ठेवायचा, बॅटरीची तार सोडायची आणि पॅनेलवर आपल्या नावाचा लाल बोर्ड लावायचा. ज्याने लावला त्यानेच काढायचा. काम संपलं की कंट्रोलर परत ऑटोवर, कारण ऑटोवर असली तरच लाइट गेल्यावर थोरली आपली आपण उठते, नाहीतर ढिम्म हलत नाही. आणि बाहेर पडताना दारातून मागे वळून ऑटोचा हिरवा दिवा बघायचा.

हे मागे वळून बघणं तुमचं. फेरीचं मी वाढवलं. पोरं मला मागून 'प्रदक्षिणाबाई' म्हणतात, ते मला माहीत आहे.

सोमवारी नव्या कंट्रोलरची चाचणी आहे. त्याआधी कपाटातलं जुनं सामान बाहेर काढायचंय, भंगारात द्यायला. त्यात त्या वेळच्या कंट्रोलरचा डबाही आहे, तुमच्या वेळच्या चौकशीत काढून सील केलेला. कपाटाची किल्ली इतकी वर्षं माझ्याकडेच आहे. असो.

उत्तर लगेच पाठवायला हवं असं नाही. किंबहुना पुढच्या आठवड्यात मीच पुन्हा लिहीन असं वाटतंय.

तुमची,
भाची


१० मार्च, मंगळवार

मामा,

आज वरती 'तीर्थरूप' लिहायचं धाडस होत नाही. शब्द खोटा म्हणून नव्हे. तो लिहिणारा हात माझा आहे म्हणून.

काल चाचणी झाली. पॅनेलवाला तंत्रज्ञ म्हणाला, "बाई, मी इथून मुख्य लाइट तोडतो. तुम्ही नवजात बाळांच्या कक्षात घड्याळ घेऊन उभ्या राहा. किती सेकंदांत दिवे येतात ते मला सांगा." मी त्याच्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत मी या खोलीतून शेकडो वेळा वीज पाठवली आहे, पण ती पोचते तिथे लाइट जाताना कधीच उभी नव्हते. तुम्ही होतात का हो कधी?

पायांत कापडी पिशव्या घालून आत गेले. सकाळचे साडेदहा, तरी पडदे ओढलेले. काचेच्या सहा पेट्या, सहा बाळं. एकाची मूठ माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी. मोठ्या सिस्टर एका पेटीत हात घालून बाळाची नळी नीट करत होत्या. मी फोनवर "तोडा" म्हटलं आणि सगळं गेलं. दिवे गेले, आणि आपल्याला ऐकूही येत नसते अशी पंख्यांची घरघर गेली. यंत्रं आपापल्या बॅटरीवर टींटीं करायला लागली. सिस्टरांचा हात पेटीत होता तिथेच थांबला, तसूभर हलला नाही. मी मोजत होते. तीन. चार. कुठेतरी खाली, दोन भिंतींपलीकडे, थोरलीने घसा खाकरला. सहा. सात. आठ, आणि दिवे आले.

मामा, मी तिथे घड्याळ हातात धरून रडले. दुःखाने नाही. खाली जे आपण तेल, पाणी, बॅटरी, बेल्ट म्हणतो, ते वर आल्यावर हे असतं. मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं, एवढं ते मोठं आहे.

सिस्टर हसल्या. म्हणाल्या, "आठ सेकंदांना रडतेस? त्या वर्षी तुझे मामा जनरेटरात सापडले तेव्हा पाऊण मिनिट गेलं होतं. यंत्रांना तेव्हा बॅटरी कुठे होत्या! अंधारात मी एका बाळाला हाताने फुगा दाबून श्वास देत होते, मोठ्याने आकडे म्हणत. शेहेचाळीसला दिवे आले. ते पोर आता आठवीत आहे, दरवर्षी मला भेटायला येतं. तुझे उपकार गं बाई."

मी 'हो' म्हटलं. लेकीसारखं, नुसतं 'हो'.

दुपारी पॅनेलवाल्याने तो सील केलेला डबा टेबलावर ठेवला. म्हणाला, "याची केबल आहे माझ्याकडे. भंगारात द्यायच्या आधी नोंदी काढून देऊ का?" तेव्हा कुणाकडे तशी केबल नव्हती, आणि तुम्ही सगळं कबूल केल्यावर त्या वाचायची गरजही उरली नव्हती. मी नको म्हणू शकले असते. मी म्हटलं, काढा.

एक पान निघालं. ते आत्ता माझ्यासमोर आहे. त्यातल्या काही ओळी लिहून काढते.

११.३१ ऑफ.
११.४२ ऑटो.
११.४४ लाइट गेली.
आठ सेकंदांनी सेट चालू.
आणखी चार सेकंदांनी आपत्कालीन बंद.

११.४२चं ऑटो माझं आहे, मामा.

लिहिलं एकदाचं. बारा ओळी रेघोट्या मारून झाल्यावर लिहिलं.

माझी पाळी बाराची होती आणि मी नेहमीसारखी घाईने आधीच आले. आत शिरले, पॅनेलकडे पाहिलं, हिरवा दिवा नव्हता. त्या महिन्यात तुम्ही चष्मा दोनदा चहाच्या टपरीवर विसरला होतात. मला वाटलं, मामा चाचणी घेऊन ऑटोवर टाकायला विसरले, कुणाच्या लक्षात यायच्या आत आपण टाकू. प्रेमानेच दाबलं हो ते बटण. तुम्ही शिकवलेलं होतं म्हणून दाबलं. हाक मारली नाही, सेटच्या मागे डोकावले नाही. पाच पावलं होती. तुम्ही पलीकडे खाली बसून पंख्याचा बेल्ट आवळत होतात. मी जेवणाचा डबा ठेवायला दारापर्यंत गेले आणि लाइट गेली.

बोर्ड तुम्ही लावला नव्हता, तार सोडली नव्हती, दोन मिनिटांचं काम म्हणून. तुमची चूक तेवढी. बाकी सगळी माझी.

तुमची किंकाळी ऐकून मी दाराजवळचं लाल बटण दाबलं आणि डॉक्टरांना आणायला धावले. परत आले तेव्हा तुम्ही पॅनेलखाली भिंतीला टेकून बसला होतात, उजवा हात शर्टात गुंडाळून. आणि थोरली चालू होती. ती कुणी चालू केली, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. लाल बटण दाबल्यावर ती आपली आपण उठत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

चौकशीत साहेबांसमोर तुम्ही म्हणालात, "ऑटोवर मीच ठेवला होता, विसरलो. बंद हिने केला आणि परत चालूही हिनेच केला. हुशार आहे पोरगी." असं म्हणून माझ्याकडे बघितलंत. मी टेबलाच्या पायाकडे बघत होते. लेक तेव्हा चार वर्षांची, घरात कमावणारी मी एकटी. तुमच्या कागदावर 'निष्काळजीपणा' असा शिक्का बसला आणि नोकरी गेली. मला शाबासकीचं पत्र मिळालं. ते आमच्या खोलीत काचेत लावलंय. मी रोज त्याच्याकडे पाठ करून डबा खाते.

आणि तेरा वर्षं मी काय धरून जगले, सांगू? की तुम्हाला खरंच आठवत नसेल. चष्मा विसरणारा माणूस, तो कंट्रोलर ऑफवर ठेवल्याचंही विसरला असेल. तुम्ही खोटं बोललाच नाहीत, तुमचा गैरसमजच झाला. किती सोयीचं होतं ते! आई गेली तेव्हा तुम्ही आलात, माझ्या डोक्यावर हात ठेवलात, तीनच बोटं लागली मला. तरी मी मनात म्हटलं, यांना माहीत नाही.

आता पानावरच्या उरलेल्या ओळी. आपत्कालीन बंदनंतरच्या.

लाल बटण फिरवून बाहेर. रिसेट. मॅन्युअल. स्टार्ट. लोड चालू, म्हणजे वॉर्डांकडे वीज सोडली. सगळं मिळून चौतीस सेकंदांत.

आणि मग, अकरा सेकंदांनी, शेवटची ओळ: ऑटो.

मी ते पान उभ्या उभ्या वाचलं आणि खाली बसले. पॅनेलवाल्याने पाणी आणलं. हाताची दोन बोटं खाली पडलेली असताना तुम्ही उठलात. पाच पायऱ्या होत्या. त्यांतली एक चुकली असती तर थोरली उठली नसती. एकही चुकली नाही. कोणत्या हाताने बटणं दाबलीत, ते नोंदीत नाही. वर दिवे आले. आणि तेवढ्यावर बसायचं सोडून तुम्ही पुन्हा वळून तिला ऑटोवर टाकलंत, हिरवा दिवा बघितलात, आणि मग खाली बसलात.

असा माणूस काही विसरत नाही, मामा. ११.३१ तुम्हाला लख्ख आठवत होतं. ११.४२ला खोलीत कोण आलं तेही तुम्ही ओळखलं होतं. माझी पावलं तुम्हाला ओळखू येणार नाहीत होय? तुम्हाला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं. तरी तुम्ही माझ्या लेकीला त्या हाताने कार्ड लिहिलंत.

आज सकाळी मी त्या पानाची प्रत आणि माझ्या हातचा जबाब प्रशासकांकडे दिला. सगळं लिहिलं, ऑटोपासून शाबासकीपर्यंत. तुमच्या कागदावरचा शिक्का काढा, अशी मागणी केली. त्यांनी दोन्ही कागद वाचले. मग म्हणाले, "बाई, हे दिलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. निर्णय वरून येईल, तोवर घरी राहा." मी खोलीची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. नोकरी जाईल बहुधा. जाऊ दे म्हणणं सोपं नाही. पण काल रात्री लेकीला सगळं सांगितलं, तेव्हा ती दहापेक्षा पुष्कळ जास्त शब्द बोलली. त्यातले काही मला ऐकवले नाहीत, पण तिचं बरोबर होतं. शेवटी म्हणाली, "आजोबांकडे कधी जायचं?"

म्हणून विचारते. येऊ का आम्ही? रागवायचं असेल तर समोर रागवा. दार लावून घेतलंत तरी मी पायरीवर बसेन थोडा वेळ.

सोबत ते शाबासकीचं पत्र पाठवते आहे, काचेतून काढून. त्यावर नाव माझं आहे. ते पत्र तुमचं आहे, ठेवून घ्या.

मागे वळून बघायला तेरा वर्षं लावलेली,
तुमची घाईबाई