नवरीच्या ब्लाउजचा रकाना

माय, गंमत ऐक. सौंसरच्या आपल्या शिलाईच्या दुकानात आता कंप्युटर आला. माह्या सुनेनं आणला. कोणाचं काय माप, कोणाले कसा गळा पाहिजे, सारं ती त्याच्यातल्या चौकोनांत भरते. मी आधी लय कुरकुर केली. तू तर साऱ्या बायकांची मापं तोंडपाठ ठेवायची, रस्त्यानं चाललेलीले हाक मारायची, "काय वं, भरली तू! जुने ब्लाउज आण, उसवून देते." बाजारातले लोक हसायचे अन् ती बिचारी पदरात तोंड लपवायची.

तर झालं काय, तिगावची एक नवरी. लग्न तोंडावर, अन् शालूतलं कापड एवढंच, बिघडलं तर दुसरं मिळणं नाही. चौकोनात लिहिलेलं, "मागचा गळा खोल ठेवा". मी खडूनं मस्त खोल रेघ आखली, कैची उचलली, अन् हात थांबला. लहानपणी तू याच हातावर मापाचा लाकडी गज हाणला होता. "पोरगी समोर उभी राहत नाही तोवर खोल गळ्याले कैची लावायची नाही!" अजून चुरचुरते बाप्पा ते. मी गळा वरच ठेवून कापला, कच्चे टाके घातले, खोल गळ्याची नुसती रेघ ठेवली.

पोरगी ट्रायलले आली. आरशात मागची रेघ पाहिली अन् तिचा चेहराच उतरला. डाव्या खांद्यामागं हात नेऊन हळूच म्हणते, "काकू, मी तं सांगतलं होतं." तिथं भाजल्याची जुनी खूण. सून कंप्युटरकडं धावली, "आई, मी लिहिलं होतं हो!" तिनं त्या चौकोनांच्या उभ्या रकान्याच्या कडेवर माउसनं दोनदा टिचकी मारली अन् रकाना आपोआप फैलला: "मागचा गळा खोल ठेवा, पण डाव्या खांद्याची खूण झाकली पाहिजे." बाजूच्या चौकोनात बाह्यांचं माप भरलेलं, म्हणून अर्धी गोष्ट त्याच्याखाली दबून राहिली होती. मी खडू पुसला, रेघ डावीकडं वर चढवली, उजवीकडं खोल उतरवली. पोरगी आरशात वळून वळून पाहे. "काकू, ही तं फॅशनच झाली!" असं हसली ना माय, आम्ही तिघीही हसत सुटलो. आता तिच्या मैत्रिणी तोच गळा मागून राहिल्या.

मलेही ती टिचकी जमली. रिकामी बसली की एकेक रकाना फैलवून पाहते, कोणाचं काही दबलं तं नाही ना. तू आता नाही, तरी परवा तुह्या नावाची ओळ भरली. तुहं माप पाठच आहे, बाह्यांचंही भरलं. बाह्यांच्या मापाआधीच्या चौकोनात काय पाहिजे ते लिहायचं असते, तिथं हे सारं लिहून राहिली. सून विचारते, "आई, रकाना मोठा करून देऊ?" नको म्हटलं. बाहेरून "माय, गंमत ऐक" एवढंच दिसते, तेवढंच दिसू दे. मले तुही लय आठवण येते, हे गिऱ्हाइकांनी काऊन वाचावं?