बारा पॉइंट झिरो दोन

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

तिसऱ्या कपाटाचीही किल्ली घेतली त्यानं!

केयूर नाव. सव्वीस वर्षांचा, पाठीवर सॅक, सेफ्टी शूज अजून कोरे. सुरेंद्र सरांनी सकाळी सगळ्यांना मशीनपाशी उभं करून सांगितलं — आपली सगळी जुनी रजिस्टरं क्लाउडवर जाणार, भोसरीतला साठ माणसांचा कारखाना आता चाकणच्या मोठ्या कंपन्यांच्या तोडीचं काम करणार. टाळ्या. मीही वाजवल्या.

त्या तीन कपाटांत माझी बावीस वर्षं आहेत. दर तासाला पाच बुश उचलायचे, मायक्रोमीटरनं बाहेरचा व्यास मोजायचा, आकडा लिहायचा, सही ठोकायची. दुचाकीच्या शॉकअपमध्ये बसतो तो बुश. बोटाच्या पेराएवढा. १२.०० ते १२.०५ मिलिमीटर — त्यापुढे गेला की नापास. एवढंच माझं आयुष्य. ते आता हा पोरगा स्कॅनरखाली उलटं घालून पानपान काढणार.

"जपून हां," एवढंच मी म्हणाले.

४ फेब्रुवारी

केयूर समजावून सांगत होता. चांगलं सांगतो, खोटं कशाला बोलू. "मॅडम, पूर्वी असलं काही करायचं तर सर्व्हर विकत घ्या, एसीची खोली बांधा, माणूस ठेवा. आता लांबचे मोठे कॉम्प्युटर लागतील तेवढे तास भाड्यानं घ्यायचे. एखादी कल्पना आठवडाभर चालवून बघायची. नाही जमली, सोडून द्यायची. आपल्यासारख्या छोट्या कारखान्याला हे आधी परवडलंच नसतं."

"लग्नाची भांडी आणतात तशी," मी म्हटलं.

"एक्झॅक्टली!"

त्याची कल्पना अशी — बावीस वर्षांचे आकडे आणि आमचे बुश घेणाऱ्या चाकणच्या कंपनीनं परत पाठवलेल्या पेट्यांच्या तारखा एकत्र घालायच्या. मग सिस्टीम आधीच सांगेल, मशीनमधलं कापायचं टूल झिजलं, आता बदला. खराब बुश तयारच होणार नाही.

गंमत म्हणजे २०११ मध्ये मी टूल बदलायच्या वेळांचा तक्ता केला होता. हातानं, स्केच पेननं. मोठ्या साहेबांनी, म्हणजे सरांच्या वडिलांनी, "छान आहे, छान आहे" म्हणत त्यावर चहाचा कप ठेवला. माझी कल्पना आठवडाभर चालवून बघायला कुणी काही भाड्यानं आणलं नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही.

संध्याकाळी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. सिस्टीम चालू झाली की एक नवी जागा — डेटा क्वालिटी हेड. "तुमच्याशिवाय कोण, नीला मॅडम? सगळा डेटा तुमच्या अक्षरातला." काचेची केबिन. दारावर नाव!

६ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्टी. जयसिंग सांगवीभर सांगत सुटलाय, बायको हेड होणार. त्याला म्हटलं, तोंड आवर. पण मला बाबांची आठवण झाली. पिंपरीच्या कंपनीत एकतीस वर्षं हेल्पर. त्यांचं नाव हजेरीपटाशिवाय कुठं लागलं नाही. ते म्हणायचे, "नीले, आपलं नाव भिंतीवर नको, कागदावर असू दे. कागद टिकतो."

मला भिंतीवरही हवंय. लिहून टाकते इथं, कुणाला कळतंय!

११ फेब्रुवारी

दोन कपाटं संपली. टॅब्लेट आलेत, प्रत्येक मशीनपाशी एक. आता मोजलं की आकडा थेट त्यात. चाकणच्या माणसांना त्याच क्षणी त्यांच्या स्क्रीनवर दिसणार. आणि एकदा पाठवला की खोडता येत नाही, बदलता येत नाही. हे ऐकून ऑपरेटर लोकांची तोंडं बघण्यासारखी झाली.

माझंही झालं असणार.

केयूर म्हणतो, तुमचं अक्षर इतकं सुंदर की मशीनला वाचायला काहीच त्रास नाही.

१७ फेब्रुवारी

दुपारी लॅपटॉप घेऊन आला. चेहरा गोंधळलेला.

"मॅडम, एक विचित्र आहे. तुमच्या रजिस्टरात टूल झिजतच नाही."

मी म्हटलं, म्हणजे?

"बारा पॉइंट झिरो दोन. झिरो तीन. झिरो दोन. वर्षानुवर्षं. पण चाकणहून तर दरवर्षी पेट्या परत आल्यात. त्या दिवशीही तुमच्याकडे झिरो दोनच! सिस्टीम म्हणते, टूल बदलायची गरजच नाही."

मी म्हटलं, तुमची सिस्टीम चुकत असेल.

"असेल," म्हणाला. पोरगा सज्जन आहे. म्हणूनच जास्त राग आला.

१८ फेब्रुवारी

या वहीत तरी लिहू.

रजिस्टर कसं भरलं जातं हे भोसरीत सगळ्यांना माहीत आहे, फक्त रजिस्टरला माहीत नाही. प्रॉडक्शनचा घाईगर्दीचा महिना असला की तासातासाला कोण मोजतंय? एक-दोन बुश बघायचे, बरे दिसले की चालू द्या. मग ऑडिटच्या आदल्या दुपारी दार लावून बसायचं आणि तीन आठवडे एका बैठकीत लिहायचे. तीन पेनं घ्यायची — दोन निळी, एक काळं — म्हणजे वेगवेगळ्या दिवसांचं वाटतं. मध्येच एखादं पान तेलकट बोटानं उलटायचं. आकडे सगळे मधले, कारण मधल्या आकड्याला कुणी प्रश्न विचारत नाही. नवी मुलं आली की मीच शिकवायचे. "सगळीकडे सारखं झिरो दोन नका लिहू रे, अधूनमधून झिरो तीन टाका. नैसर्गिक वाटलं पाहिजे."

ऑडिटवाले माझ्या रजिस्टरचे फोटो काढून दुसऱ्या कारखान्यांना दाखवायचे! झाकली मूठ सव्वा लाखाची. केयूरनं ती उघडून आत काही नाही हे दाखवलं, तेही मॅडम मॅडम करत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

"मिळाला!" म्हणत पळत आला. चार वर्षांचा डेटा असा आहे की चाकणच्या परत आलेल्या पेट्यांशी तारीख न् तारीख जुळते. साडेआठशे-नऊशे बुश झाले की आकडा वर चढतो. झिरो तीन, झिरो चार, झिरो पाच, झिरो सहा. मग टूल बदललं की पुन्हा खाली.

"सगळं मॉडेल आता याच पानांवर चालवतोय. मॅडम, हे ल. म. गराडे कोण?"

मी म्हटलं, होते एक. गेले सोडून.

सोडून गेले! जीभ कशी झडली नाही माझी.

२२ फेब्रुवारी

लक्ष्मणराव गराडे. इंदुरीचा माणूस. आधी मशीनवर ऑपरेटर, २०१२ पासून माझ्या हाताखाली इन्स्पेक्टर. त्याची वही मळकी, अक्षर कोंबडीचे पाय, आणि आकडे — जसे असतील तसे. झिरो सहा आला की झिरो सहा लिहून लाल रेघ. ऑडिटला त्याची पानं निघाली की पंचाईत. किती वेळा सांगितलं. "लक्ष्मणराव, जरा समजून घ्या." मान हलवायचा आणि पुन्हा तेच.

२०१६ मध्ये मोठ्या साहेबांनी युक्ती काढली. काम चांगलं नाही असं म्हणता येईना, म्हणून कागद केला — यांची नजर कमी झाली आहे, मायक्रोमीटर नीट वाचता येत नाही. खाली सीनियर इन्स्पेक्टरची सही हवी होती.

सुंदर अक्षरात केली मी.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

तळेगावला गेले. जयसिंगला सांगितलं, मैत्रिणीकडे. लक्ष्मणराव एमआयडीसीच्या रस्त्याला वजनकाट्यावर बसतात. ट्रक येतो, ते आकडा बघतात, पावती देतात.

मला बघून उठले नाहीत. "या ताई. डोळं तपासायला आलाय व्हय?"

मी स्टुलावर बसले. त्यांनी चहा मागवला. मग आपणहून बोलत राहिले, आवाज न चढवता. "कुटंबी इन्स्पेक्टर म्हणून घेईनात. फोन करून इचारायचे तुमच्याकडं. डोळं गेल्यात म्हणायचे तुमी लोक. दोन वर्सं घरी व्हतो. पोरीचं शिक्षण थांबलं. आता हितं हाय. ह्या काट्यावर मातर कुनी म्हनत न्हाई, लक्ष्मण्या, आकडा जरा मधला लिव."

मी सगळं सांगितलं. की सिस्टीम त्यांच्या पानांवर चालते. की बाकी सगळं कचरा निघालं — माझं धरून.

हसले नाहीत. काट्यावर उभ्या ट्रकची पावती फाडून दिली.

"ताई, तुमाला आठवत न्हाई, पन मला तुमीच शिकवलं."

"मी?"

"तुमी नव्या आलेल्या. मी मशीनवर. माजा आख्खा ट्रे परत पाटीवला तुमी. मोठं सायेब वरडलं, सगळ्या लोकांसमोर. तुमी काय हटला न्हाई. 'काटा सांगतो ते लिहिलंय, माझं मत नाही लिहिलं' म्हनला. त्या दिशी ठरवलं, आपल्याला कधी वही मिळाली तर आशीच लिवायची."

टोमणा मारत असणार. असलं काही मी बोलल्याचं मला आठवत नाही. निघताना पाया पडायचं मनात आलं होतं. पडले नाही. तेवढीही हिंमत नाही.

५ मार्च

चाकणच्या कंपनीला कागद हवा आहे. सिस्टीम ज्या जुन्या नोंदींवर शिकली, त्या सर्व नोंदी त्या-त्या तासाला प्रत्यक्ष मोजून लिहिलेल्या आहेत — असं प्रमाणपत्र. त्यावर त्यांची इलेक्ट्रिक स्कूटरच्या नव्या पार्टची ऑर्डर ठरणार. सही माझी.

सरांच्या टेबलावर दोन कागद शेजारी-शेजारी होते. एक प्रमाणपत्र. एक माझं हेडचं पत्र.

मी म्हटलं, सर, खरी पानं फक्त लक्ष्मणरावांची आहेत. निदान तेवढं तरी लिहू या.

"मॅडम, तो विषय संपलाय. माणूस चुकीच्या कारणानं काढला असं आपणच लिहून द्यायचं? साठ घरं चालतात इथं. आणि पत्र तयार आहे तुमचं."

सर वाईट नाहीत. हेच तर वाईट आहे!

१० मार्च

सही केली.

१२ मार्च, बुधवार

चाकणची माणसं आली. केयूरनं मोठ्या स्क्रीनवर दाखवलं. मशीन चार, आठशे साठ बुश, हिरव्याचं पिवळं झालं — टूल बदला. टूल काढलं, भिंगाखाली धरलं. कड खरंच गेलेली! त्यांच्यातले एक साहेब म्हणाले, "मोठमोठ्या प्लांटना जमलं नाही हे. एवढ्याशा कारखान्यानं केलं! नावीन्य म्हणजे हे." नव्या पार्टचं नक्की झालं.

सर म्हणाले, "या सगळ्यामागे आमच्या नीला मॅडमची बावीस वर्षांची शिस्त आहे." मला गुच्छ दिला. मी घेतला! हात पुढे केला आणि घेतला. फोटोत मी हसतेय.

गुच्छ घरी आणला नाही. चतुराबाई झाडलोट करत होत्या, त्यांना दिला. "आवो, एवढी चांगली फुलं!" म्हणाल्या.

१७ मार्च

दारावर नाव लागलं. जयसिंगनं फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

दुपारी केयूर आला, निरोप घ्यायला. त्याचं इथलं काम संपलं. जाताना एक छापलेला कागद ठेवला. "मॅडम, गराडेंच्या चार वर्षांशिवाय अजून सात महिने जुळतात. पहिल्या कपाटाच्या तळाशी होते. २००३-०४चे. मॉडेलमध्ये घेतलेत. सही ओळखू येईना, म्हणून तुम्हाला दाखवतोय."

१९ नोव्हेंबर २००३. मशीन चार. १२.०५, १२.०७, १२.०८. लाल रेघ. ट्रे परत. ऑपरेटर — लक्ष्मण. शेऱ्यात कुणीतरी जोरात, पेन रुतवून लिहिलंय — 'पुन्हा मोजले. तेच आले.'

अक्षर सुंदर नाही. घाईचं, वाकडं. खाली लग्नाआधीच्या आडनावाची सही. बाबांचं आडनाव.

पुढच्या जूनमध्ये पहिलं ऑडिट. तिथून बारा पॉइंट झिरो दोन.

केयूरला म्हटलं, ओळखते मी हिला. आणि त्याच्यासमोर रडले. तो बिचारा पाण्याची बाटली शोधत बसला.

१९ मार्च, बुधवार

वही आज कंपनीत आणली आहे. सकाळचे नऊ वीस. मशीन चार. पाच बुश मोजले. पाचवा १२.०६. एकच शतांश जास्त. पुन्हा मोजला. तेच आलं.

टॅब्लेटवर १२.०६ टाकलं. शेऱ्यात लिहिलं — 'जून २००४ ते फेब्रुवारी २०२५ मधल्या माझ्या नोंदी मोजून लिहिलेल्या नाहीत. प्रमाणपत्रावरची सही मागे घेते. ल. म. गराडे यांची नजर चांगली होती, मी खोटी सही केली.' खाली बाबांच्या आडनावानं सही केली.

पाठवलं. चाकणला दिसलं असेल. सर केबिनमधून बाहेर येतायत.